वाचकांचे प्रश्न : शिरस्त्राण, शपथ आणि पळवाटा

गेल्या अंकात ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील ‘द मँडलोरियन’ या अंतराळ-वेस्टर्न मालिकेवर लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख नायकाच्या डोक्यावरच्या शिरस्त्राणाकडे आहे, आणि ज्यांचा तसा नाही तीही पत्रे फिरून शेवटी तिथेच येतात. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे या पत्रांना दिले आहे. भागांचे क्रमांक तिन्ही सीझन मिळून सलग धरले आहेत. उत्तरांमध्ये तिन्ही सीझनच्या कथानकातील महत्त्वाच्या घटना उघड होतात, तेव्हा ज्यांची मालिका पाहायची राहिली आहे त्यांनी हे पान मिटून ठेवावे आणि नंतर वाचावे.

प्रश्न : नायक डिन जारिन कोणासमोरही हेल्मेट काढत नाही, कारण मँडलोरियन या योद्धा समाजाचा तसा नियम आहे, असे पहिल्या सीझनमध्ये आपण पाहतो. दुसऱ्या सीझनमध्ये मात्र बो-कॅटन क्रीझ आणि तिचे दोन साथीदार येतात आणि बोलता बोलता हेल्मेट काढून हातात घेतात. मग खरे मँडलोरियन कोण? की लेखकांनी मध्येच नियम बदलला?

उत्तर : नियम बदललेला नाही; तो सर्वांचा नियम कधी नव्हताच. अकराव्या भागात बो-कॅटन स्वतःच याचा खुलासा करते. ज्या गटाने डिनला लहानाचे मोठे केले तो ‘चिल्ड्रन ऑफ द वॉच’ हा मुख्य समाजापासून फुटून निघालेला आणि प्राचीन आचार पुन्हा रुजवू पाहणारा एक कडवा पंथ आहे, आणि डिन त्या पंथाच्या आचारालाच सगळ्या मँडलोरियनांचा धर्म समजत आला आहे. २००८ साली सुरू झालेली ‘द क्लोन वॉर्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका ज्यांनी पाहिली होती, ते २०१९ मध्ये डिनचा हट्ट पाहून गोंधळले होते, कारण त्या मालिकेतील मँडलोर ग्रहावर उघड्या चेहऱ्याने वावरणारी माणसे सर्रास दिसत असत आणि त्यांच्यावर राज्य करणारी सॅटीन क्रीझ, म्हणजे बो-कॅटनची बहीण, तर शस्त्रे खाली ठेवा असे सांगणारी शांततावादी होती. अकरावा भाग हे त्या प्रेक्षकांना दिलेले उत्तर होते. बो-कॅटनला अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज देणाऱ्या केटी सॅकहॉफ यांनीच इथे ती प्रत्यक्ष साकारली, त्यामुळे ते उत्तर जुन्या प्रेक्षकांना ओळखीच्याच आवाजात ऐकायला मिळाले.

माझ्या मते या दोघांमधला फरक आचाराच्या कडकपणापेक्षा खोल आहे. बो-कॅटन मँडलोरच्या राजघराण्यात जन्मलेली आहे आणि तिचे चिलखत तिच्या घरात तीन पिढ्या चालत आले आहे. शिरस्त्राण काढले काय किंवा ठेवले काय, तिचे मँडलोरियन असणे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. डिनचे तसे नाही. तो अ‍ॅक व्हेटिना नावाच्या ग्रहावरचा पोर आहे. यंत्रसैनिकांच्या हल्ल्यात त्याचे आईवडील मारले गेले, आणि त्या ढिगाऱ्यातून मँडलोरियन योद्ध्यांनी त्याला उचलून पदरात घेतले. अशा मुलांना मालिकेत ‘फाउंडलिंग’ म्हणतात. त्याच्याजवळ ना रक्ताचे नाते आहे ना वारसा, एक शपथ तेवढी आहे. मँडलोरियन ही जात नसून तो एक पंथ आहे, असे पहिल्या सीझनच्या शेवटी जे सांगितले जाते, ते बो-कॅटनच्या दृष्टीने अर्धसत्य असेल, पण डिनच्या दृष्टीने ते पूर्ण सत्य आहे. ज्याला ओळख शपथेतून मिळाली, त्याला ती शपथेच्या अक्षराबरोबर सांभाळावी लागते.

प्रश्न : नायकाचा चेहरा आतापर्यंत दोनदा दिसला, असे आपण गेल्या अंकात लिहिले होते. आमच्या मोजणीनुसार तो तीनदा दिसला आहे. खुलासा करावा.

उत्तर : मोजणी आपली बरोबर आहे आणि चूक माझी आहे. चेहरा आठव्या, पंधराव्या आणि सोळाव्या भागात दिसतो. तिसऱ्या सीझनमध्ये तो एकदाही दिसत नाही. मात्र हे तीन प्रसंग नुसते मोजून सोडून देण्यासारखे नाहीत, कारण प्रत्येक वेळी नियम वेगळ्या प्रकारे वाकवला जातो.

आठव्या भागात डोक्याला जबर मार लागून डिन मरणाच्या दारात असतो आणि तरीही उपचारासाठी शिरस्त्राण काढू देत नाही, कारण कोणत्याही सजीवासमोर चेहरा उघडा करायचा नाही असे त्याचे वचन आहे. त्यावर आयजी-११ हा यंत्रमानव त्याला शांतपणे दाखवून देतो की तो स्वतः सजीव नाही. वचन अक्षरशः पाळले जाते आणि डिनचा जीवही वाचतो. पंधराव्या भागात मोरॅक ग्रहावरील शत्रूच्या तळावर, ग्रोगूचा, म्हणजे त्याने सांभाळलेल्या पोराचा, ठावठिकाणा शोधण्यासाठी, त्याला चेहऱ्याची ओळख पटवणाऱ्या यंत्रासमोर उभे राहावे लागते. त्याआधी, ट्रकमधून जाताना, त्याचा साथीदार मेफेल्ड त्याला खिजवतो की तुमचा नियम नेमका काय आहे, स्वतःचे शिरस्त्राण काढायचे नाही असा, की चेहरा दाखवायचा नाही असा? त्या क्षणी डिनच्या डोक्यावर शत्रुसैनिकाचे उसने शिरस्त्राण असते, म्हणून हा टोमणा बरोबर वर्मी लागतो. पुढे भोजनकक्षात, भर गर्दीत, डिन चेहरा उघडा करतो तेव्हा त्याला कोणतीही पळवाट उरलेली नसते. मुलासाठी तो नियम सरळसरळ मोडतो. सोळाव्या भागात तर कसली सक्तीही नसते. जेडाय या योद्धा-साधूंपैकी एकाबरोबर निघालेल्या ग्रोगूला निरोप देताना तो आपण होऊन शिरस्त्राण काढतो आणि ते इवलेसे पोर त्याच्या गालावर हात ठेवते.

आधी पळवाट, मग नाइलाज आणि शेवटी स्वेच्छा असा हा प्रवास आहे. तिसरा प्रसंग मी मोजायचा विसरलो, याची मला जरा अधिकच लाज वाटते, कारण मालिकेचा खरा कळस तोच आहे.

प्रश्न : बेस्कार या धातूमुळे लाइटसेबर या तेजाच्या तलवारीचाही वार अडतो, मग असे चिलखत घातलेला माणूस जखमी होतोच कसा? आणि इतका अमोल भाला लोहारीण वितळवून का टाकते?

उत्तर : बेस्कार कापला जात नाही, पण त्याने अंग झाकले तेवढेच झाकलेले असते. छाती, खांदे, मांड्या आणि मनगटे यांवर पत्रे असतात. सांध्यांच्या जागी आणि पत्र्यांच्या मधल्या फटींत साधे कापड असते. तेराव्या भागात माजी जेडाय अहसोका हिच्या लाइटसेबरचे वार डिन मनगटावरच्या पत्र्यांवर झेलतो ते याचमुळे, म्हणजे वार कुठे घ्यायचा हे त्याला नीट ठाऊक असल्यामुळे. शिवाय धातू वार अडवतो, हादरा अडवत नाही. वर सांगितलेल्या आठव्या भागातील स्फोटात शिरस्त्राणाला तडा जात नाही, मात्र आतले डोके फुटते. आणि काही जखमा तर स्वतःच्याच हातच्या असतात: ‘द बुक ऑफ बोबा फेट’ या जोडमालिकेच्या पाचव्या भागात काळी तलवार, म्हणजे डार्कसेबर, नीट पेलता न आल्यामुळे डिन आपल्याच मांडीवर वार करून घेतो.

भाल्याचा प्रश्न अधिक रंजक आहे. अहसोकाने डिनला दिलेला तो भाला शुद्ध बेस्कारचा होता. मालिकेत जिला केवळ ‘आर्मरर’ म्हणून ओळखतात त्या लोहारणीचे म्हणणे असे की बेस्कारपासून चिलखत घडवावे, शस्त्र घडवू नये, कारण बेस्कारच्या चिलखताला भेदू शकेल असे शस्त्र म्हणजे शेवटी आपल्याच लोकांच्या जिवावर उठणारी वस्तू. हा विचार मला फार सुंदर वाटतो. मग त्याच भाल्याचे कड्याकड्यांचे इवलेसे चिलखत होऊन ग्रोगूच्या अंगावर जाते.

या लोहारणीच्या भट्टीतले प्रसंग ज्यांना संथ वाटतात, त्यांनी तिसरा भाग पुन्हा पाहावा. मडहॉर्न नावाचे अजस्र जनावर मारल्याबद्दल डिनला त्या जनावराचे चिन्ह खांद्यावर मिरवण्याचा मान देऊ केला जातो आणि तो नाकारतो, कारण त्या झुंजीत त्याला एका ‘शत्रूने’ मदत केली होती आणि आपण शत्रू आहोत हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हते. तो शत्रू म्हणजे ग्रोगू. आठव्या भागात तेच चिन्ह त्याला पुन्हा दिले जाते, पण आता दोघांच्या मिळून बनलेल्या कुळाचे म्हणून, आणि तेव्हा तो ते स्वीकारतो.

जाता जाता, या चकाकीचा चित्रीकरणालाही त्रास होता. आरशासारख्या चिलखतावर आजूबाजूचे सगळे उमटते, आणि हिरव्या पडद्यासमोर उभे केले तर नायकच हिरवा दिसू लागतो. त्यामुळे सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाच्या जागेला २७० अंशांत वेढणारी एलईडी पडद्यांची भिंत उभारून तिच्यावर वाळवंटे आणि आकाशे दाखवण्यात आली आणि पहिल्या सीझनचे निम्म्याहून अधिक चित्रीकरण तिथे झाले. चिलखतात दिसणारी मावळती संध्याकाळ म्हणजे त्या भिंतीवरचा खराखुरा उजेड असतो.

प्रश्न : चेहरा दिसत नसेल तर चिलखतात नायक म्हणून पेद्रो पास्कल यांनीच असावे अशी काय गरज? आणि या मालिकेला वेस्टर्न का म्हणतात?

उत्तर : गरज नसतेच, आणि अनेकदा ते तिथे नसतातही. आवाज पास्कल यांचा असतो. चिलखतातील चालणे-वळणे बऱ्याच ठिकाणी ब्रेंडन वेन यांचे आणि हाणामारी लतीफ क्राउडर यांची असते. तिसऱ्या सीझनमध्ये या दोघांची नावे श्रेयनामावलीत पास्कल यांच्या बरोबरीने ठळकपणे येऊ लागली, ही गोष्ट मला न्याय्य वाटते. एका पात्रात तीन माणसे राहतात, आणि तरीही मान किंचित कलती करण्याची त्याची लकब तिघांतही तीच राहते.

आता योगायोग पाहा: ब्रेंडन वेन हे काउबॉयपटांचे अनभिषिक्त राजे जॉन वेन यांचे नातू आहेत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच सुरू करता येईल. पहिल्याच भागात अनोळखी माणूस दारूच्या गुत्त्यात शिरतो आणि सगळे चूप होतात. चौथ्या भागात तो लुटारूंनी गांजलेल्या खेड्याच्या मदतीला उभा राहतो. नवव्या भागात आडगावचा एक मार्शल भेटतो. पंधराव्यात स्फोटकांनी भरलेल्या वाहनाचा पाठलाग होतो. कायदा जिथे पोहोचत नाही अशा सीमेवरचा हा मुलूख आहे, कारण आकाशगंगेवर सत्ता गाजवणारे साम्राज्य कोसळून जेमतेम पाच वर्षे झाली आहेत आणि नव्या प्रजासत्ताकाचा हात इतक्या दूर पोहोचत नाही. संगीतकार लुडविग योरानसन यांनी मुख्य धून बास रेकॉर्डर या मोठ्या लाकडी बासरीवर वाजवली, आणि त्या चार-दोन स्वरांत ओसाड माळाचे सगळे एकटेपण आले आहे.

प्रश्न : तसेच चिलखत घालणारा बोबा फेट मँडलोरियन आहे की नाही? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : दोन्ही तटांना पुरेल इतका पुरावा मालिकेत आहे. आधी पडद्यामागचा क्रम पाहू. बोबा फेट पडद्यावर प्रथम १७ नोव्हेंबर १९७८ रोजी दूरचित्रवाणीवरील एका खास कार्यक्रमातील अ‍ॅनिमेशनपटात दिसला आणि १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये अवघी चार वाक्ये बोलून प्रेक्षकांच्या मनात कायमचा बसला. चित्रपटाचे रचनाकार जो जॉन्स्टन आणि राल्फ मॅकक्वारी यांनी ते चिलखत मुळात एका संपूर्ण सैन्यतुकडीसाठी पांढऱ्या रंगात कल्पिले होते. मूळच्या तीन चित्रपटांत ‘मँडलोरियन’ हा शब्द कोणी उच्चारतसुद्धा नाही. थोडक्यात, इथे चिलखत आधी जन्मले आणि ते घालणारा समाज मागाहून रचला गेला. डिनच्या हातातली दुबेळकी टोकाची बंदूक ही त्या १९७८ च्या अ‍ॅनिमेशनमधील बोबाच्या शस्त्राचीच आठवण आहे.

कथेच्या आत पाहिले तर बोबा हा जँगो फेट या बक्षीसशिकाऱ्याचा क्लोन, आणि त्याने तो मुलगा म्हणून वाढवलेला. चौदाव्या भागात तो चिलखतात कोरलेली वंशावळीची नोंद डिनला दाखवतो, त्यावरून कळते की जँगो स्वतः फाउंडलिंग होता. डिन क्षणात मान्य करतो की चिलखत बोबाचेच आहे. याच डिनने नवव्या भागात मार्शल कॉब व्हँथकडून तेच चिलखत मागून घेतले होते, कारण त्या मार्शलने ते जावा या भंगार विकणाऱ्या लोकांकडून विकत घेतलेले होते आणि विकत घेतल्याने हक्क येत नाही. फाउंडलिंगच्या मुलाचा हक्क मात्र डिन नाकारू शकत नाही, कारण तो स्वतःही फाउंडलिंगच आहे. उलट बो-कॅटन सोळाव्या भागात बोबाला तोंडावर सांगते की तू मँडलोरियन नाहीस. त्यावर बोबा म्हणतो की मी तसे कधी म्हटलेच नव्हते.

तेव्हा आपल्या गटातील भांडण मिटवायचे असेल तर असे म्हणावे: चिलखतावर त्याचा हक्क आहे, शपथ त्याने घेतलेली नाही, आणि त्याला स्वतःला या वादात काडीचा रस नाही.

प्रश्न : डार्कसेबर लढून जिंकावी लागते असे ठासून सांगितले आणि तिसऱ्या सीझनमध्ये ती बो-कॅटनला जवळजवळ फुकट दिली. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, पण फसवणूक म्हणणार नाही. पूर्वपीठिका अशी की मँडलोरियनांतील पहिला जेडाय टार व्हिझ्ला याने घडवलेली ही तलवार ज्याच्या हाती तो राज्यावर हक्क सांगू शकतो, मात्र ती द्वंद्वात मिळवावी लागते. बो-कॅटनने ती पूर्वी एकदा सबिन रेन या मँडलोरियन तरुणीकडून न लढता घेतली होती. पुढे साम्राज्याने मँडलोर बेचिराख केला, आणि त्या चुकीचेच हे फळ अशी समजूत पडली. म्हणूनच सोळाव्या भागात साम्राज्याचा अधिकारी मॉफ गिडियन याला हरवून डिनच्या हाती आलेली तलवार तो तिला देऊ करतो तेव्हा ती हात पुढे करत नाही. बाविसाव्या भागात डिन असा युक्तिवाद मांडतो की मँडलोरच्या खाणींत आपल्याला एका प्राण्याने पकडले होते, त्या प्राण्याला बो-कॅटनने मारले, म्हणजे आपल्याला हरवणाऱ्याला तिने हरवले, सबब तलवार तिचीच.

हा वकिली युक्तिवाद आहे, यात शंका नाही. पण हे लोक पहिल्या दिवसापासून असेच वागत आले आहेत. यंत्रमानव सजीव नाही म्हणून शिरस्त्राण काढता येते. शिरस्त्राण काढल्यामुळे बहिष्कृत झालेला डिन खाणींच्या तळाशी असलेल्या पवित्र पाण्यात उतरला म्हणून शुद्ध होतो, आणि त्याला बुडताना वाचवायला त्याच पाण्यात उडी घेतलेली बो-कॅटन, तेव्हापासून तिने शिरस्त्राण काढलेले नाही एवढ्याच कारणाने, तिच्या मनात नसतानाही पंथात सामावली जाते. जिथे नियमाचा शब्द इतका वजनदार असतो, तिथे शब्दाशी केलेली चलाखीही वजनदार ठरते. माझी तक्रार वेगळी आहे: इतका मोठा क्षण दुसऱ्याच एका तपासकथेच्या शेवटी घाईघाईने उरकला, त्याला स्वतःचा असा भाग मिळायला हवा होता. आणि चोविसाव्या भागात गिडियन ती तलवार मुठीत चिरडून टाकतो, त्यानंतरही मँडलोरियन बो-कॅटनच्याच मागे उभे राहतात, हे पाहता तलवारीचे एवढे स्तोम कशासाठी होते, असा प्रश्न आपण विचारला असता तर तो मला अधिक अवघड गेला असता.

प्रश्न : दुसऱ्या सीझनच्या शेवटी ग्रोगू निघून जातो आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला तो डिनजवळच असतो. मधले भाग आमच्याकडून सुटले काय?

उत्तर : होय. ‘द बुक ऑफ बोबा फेट’ या सात भागांच्या मालिकेतील शेवटचे तीन भाग पाहावेत. लोहारणीने डिनला बहिष्कृत केल्याचा प्रसंग आणि ग्रोगूचे परतणे, दोन्ही तिथे आहेत.

प्रश्न : शेवटच्या भागात ग्रोगूला ‘डिन ग्रोगू’ का म्हणतात? ‘ग्रोगू जारिन’ का नाही?

उत्तर : कारण ‘डिन’ हे कुळाचे नाव आहे आणि ते आधी लावले जाते, आपण इतकी वर्षे नायकाला आडनावाने हाक मारत होतो, हे बहुतेकांना त्या दिवशी कळले. मात्र या प्रसंगातील खरी गंमत नावाच्या अलीकडे आहे. ग्रोगूला शागीर्द म्हणून रीतसर दीक्षा द्यावी अशी डिनची इच्छा असते. लोहारीण म्हणते की हे मूल अजून बोलत नाही, त्यामुळे त्याला शपथ उच्चारता येणार नाही, आणि शपथ नाही तर दीक्षा नाही. मग आईवडिलांनी परवानगी दिली तर चालेल का, असे डिन विचारतो. ती म्हणते, चालेल, पण त्याचे आईवडील असलेच तर कुठेतरी फार दूर असतील. त्यावर डिन त्याला तिथल्या तिथे दत्तक घेतो, आणि बाप या नात्याने परवानगी देऊन टाकतो.